शब्दाविना पाठ : जॉन कोल्ट्रेनच्या ‘अ लव्ह सुप्रीम’मधील काव्य आणि वाद्य

जॉन कोल्ट्रेन या अमेरिकन कृष्णवर्णीय सॅक्सोफोनवादकाची ‘अ लव्ह सुप्रीम’ ही ध्वनिमुद्रिका १९६५ च्या प्रारंभी प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्या दुघडी वेष्टनाच्या आतील बाजूस दोन मजकूर छापलेले होते. एक होते श्रोत्यांना उद्देशून लिहिलेले पत्र. दुसरी होती ध्वनिमुद्रिकेचेच नाव धारण करणारी एक दीर्घ, मुक्तच्छंदातील प्रार्थना. दोन्हींचा कर्ता कोल्ट्रेनच. जॅझच्या ध्वनिमुद्रिकांवर वादकाची ओळख, समीक्षकाची प्रशस्ती आणि सहवादकांची नावे छापण्याचा प्रघात होता. वादकाने स्वतः रचलेली प्रार्थना छापली जाणे ही गोष्ट नेहमीची नव्हती. पत्राच्या ओघात चौथ्या व शेवटच्या भागासंबंधी कोल्ट्रेनने एवढेच सुचविले होते, की तो भाग म्हणजे सोबत छापलेल्या मजकुराचे संगीतातील कथन आहे. हे विधान सहज वाचून पुढे जाण्यासारखे होते. कोणत्याही वाद्यरचनेविषयी कलावंत असे काही बोलतच असतात, आणि त्याचा अक्षरशः अर्थ कोणी घेत नाही.

ते विधान अक्षरशः घ्यावयाचे होते. लुइस पोर्टर या संगीतशास्त्रज्ञाने १९८५ साली अमेरिकन संगीतशास्त्रपरिषदेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या निबंधात छापील प्रार्थना आणि सॅक्सोफोनचे स्वर शेजारीशेजारी मांडून दाखविले, की काही किरकोळ फरक सोडल्यास प्रार्थनेतील प्रत्येक शब्दावयवास कोल्ट्रेनने एकेक स्वर दिलेला आहे. वेष्टन समोर उघडे ठेवून चौथा भाग ऐकणाऱ्या कोणालाही याची प्रचीती घेता येते. ओळ संपते तेथे वादकाचा श्वास संपतो. आभाराचे वचन येते तेथे तीच ओळखीची स्वराकृती परत येते. शेवटच्या ‘आमेन’लाही त्याचे स्वर आहेत. सात मिनिटे चाललेले हे वादन म्हणजे मुखाने न म्हटलेला एक पाठ आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी या कृतीकडे लक्ष देण्याचे कारण हेच. ज्या संहितेचा एकही शब्द उच्चारला जात नाही, ती संहिता सादर झाली असे म्हणावयाचे की नाही, हा प्रश्न ही ध्वनिमुद्रिका फार नेमकेपणाने उपस्थित करते.

कोल्ट्रेनच्या चरित्रातील थोडीच माहिती येथे आवश्यक आहे. त्याचा जन्म २३ सप्टेंबर १९२६ रोजी नॉर्थ कॅरोलायना राज्यातील हॅम्लेट या गावी झाला. बालपण त्याच राज्यातील हाय पॉइंट येथे गेले. त्याचे दोन्ही आजोबा धर्मोपदेशक होते. आईचे वडील आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल झायन पंथाच्या चर्चमध्ये अधिकारपदावर होते, आणि त्यांच्याच घरात तो वाढला. बारा वर्षांचा असताना अवघ्या काही महिन्यांत त्याने आजोबा आणि वडील दोघेही गमावले. पुढे फिलाडेल्फिया, नौदलातील वाद्यवृंद, डिझी गिलेस्पीचा वृंद आणि १९५५ पासून माइल्स डेव्हिसचा वृंद असा त्याचा प्रवास झाला. या काळात जडलेल्या हेरॉइनच्या व्यसनामुळे १९५७ साली डेव्हिसने त्याला दूर केले. त्याच वर्षी त्याने व्यसन सोडले. आपल्याला त्या वर्षी आध्यात्मिक जागृतीचा अनुभव आला, आणि संगीताच्या द्वारे इतरांना सुख देण्याचे सामर्थ्य मिळावे अशी याचना आपण तेव्हा केली, असे त्याने उपरोक्त पत्रात नमूद केले आहे. त्यानंतर सात वर्षांनी केलेली ही आभाराची फेड आहे.

ध्वनिमुद्रण ९ डिसेंबर १९६४ रोजी न्यू जर्सी राज्यातील एंगलवुड क्लिफ्स येथे रूडी व्हॅन गेल्डरच्या ध्वनिमुद्रणगृहात एकाच बैठकीत झाले. त्या वास्तूचे लाकडी छत प्रार्थनामंदिरासारखे उंच होते. वादक चौघेच : टेनर सॅक्सोफोनवर कोल्ट्रेन, पियानोवर मॅकॉय टायनर, डबल बासवर जिमी गॅरिसन आणि ड्रम्सवर एल्व्हिन जोन्स. हे चौघे १९६२ पासून सातत्याने एकत्र वाजवीत होते. परस्परांच्या हालचालींचा अंदाज इतका पक्का झालेला होता, की फारशा लेखी सूचनांची गरज उरली नव्हती. दुसऱ्याच दिवशी आर्ची शेप हा दुसरा सॅक्सोफोनवादक आणि आर्ट डेव्हिस हा दुसरा बासवादक यांना सोबत घेऊन पहिला भाग पुन्हा मुद्रित करण्यात आला. परंतु कोल्ट्रेनने तो बाजूस ठेवला. ते ध्वनिमुद्रण २००२ साली प्रकाशात आले. ते ऐकले असता त्याचा निर्णय योग्य होता असेच वाटते. एकाच व्यक्तीने करावयाच्या निवेदनात दुसरा समर्थ आवाज आला, की निवेदनाचा संवाद होतो, आणि ही कृती संवादासाठी योजलेली नव्हती.

संपूर्ण कृतीचा अवधी तेहतीस मिनिटांच्या आसपास आहे. तिचे चार भाग आहेत, आणि त्यांची नावे ‘अक्नॉलेजमेंट’, ‘रिझोल्यूशन’, ‘पर्स्युअन्स’ आणि ‘साम’. मराठीत त्यांस अनुक्रमे स्वीकार, संकल्प, अनुसरण आणि स्तोत्र असे म्हणता येईल. मूळ शब्दांना दुहेरी अर्थ आहेत, ते या रूपांतरात हरवतात. ‘रिझोल्यूशन’ म्हणजे संकल्प, तसेच पाश्चात्त्य संगीतात अस्थिर स्वरसंघाताचे स्थिर स्वरसंघातात होणारे शमन. चौथ्या नावाच्या बाबतीत भारतीय वाचकाला सामवेदाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. परंतु ते उच्चारसाम्य निव्वळ योगायोगाचे आहे. इंग्रजी शब्द ग्रीकातून आला आहे, आणि त्या ग्रीक शब्दाच्या मुळाशी असलेल्या धातूचा अर्थ तार छेडणे असा आहे. बायबलमधील ज्या ग्रंथाला मराठीत ‘स्तोत्रसंहिता’ म्हणतात, त्याच्या युरोपीय नावातच अशा रीतीने वाद्य दडलेले आहे. हा योगायोग मात्र अर्थपूर्ण म्हणावा लागेल.

पहिल्या भागाची रचना समजून घेण्यासाठी जॅझमधील सर्वसाधारण रिवाज ध्यानात घ्यावा लागतो. सामान्यतः वृंद प्रथम एक निश्चित धून वाजवितो; मग एकेक वादक त्या धुनेच्या स्वरसंघातांच्या चौकटीत आपापली उपज करतो; अखेरीस धून पुन्हा येते. बंदिश, विस्तार, पुन्हा बंदिश असा हा क्रम आहे. १९५९ साली ध्वनिमुद्रित झालेल्या ‘जायंट स्टेप्स’ या रचनेत कोल्ट्रेनने स्वरसंघात इतक्या वेगाने बदलले होते, की त्या वाटेवर आणखी पुढे जाण्यास फारसा वाव उरला नव्हता. त्याच वर्षी डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्ल्यू’ या ध्वनिमुद्रिकेत त्याने उलट मार्ग चोखाळला होता : स्वरसंघात थोडे, एकेका स्वरसप्तकावर दीर्घ काळ मुक्काम. ‘अ लव्ह सुप्रीम’ या दुसऱ्या मार्गावरची कृती आहे. एका स्वरसप्तकात राहून त्यातील शक्यता शोधण्याची ही रीत भारतीय श्रोत्याला परकी वाटत नाही. मात्र तिला राग म्हणण्याचा मोह आवरावा. आरोह-अवरोहाचे, वर्ज्य स्वरांचे किंवा वादी-संवादीचे कसलेही बंधन येथे नाही.

‘अक्नॉलेजमेंट’चा प्रारंभ गाँगच्या एका आघाताने होतो. पाठोपाठ सॅक्सोफोनची छोटीशी ललकारी. ती विरते आणि गॅरिसनचा बास चार स्वरांची एक आकृती घोळवू लागतो. तिचा पहिला स्वर षड्ज मानला, तर ती आकृती षड्ज, कोमल गांधार, पुन्हा षड्ज आणि मध्यम अशी होते. एवढ्याशा सामग्रीवर हा सबंध भाग उभा आहे. कोल्ट्रेनची उपज वाढत जाते, तिचा पल्ला आणि आवेग वाढतो, आणि मग एका टप्प्यावर तो ही चार स्वरांची आकृती स्वतः हाती घेतो. परंतु तिला तो एका षड्जावर राहू देत नाही. एकापाठोपाठ एक षड्ज बदलत तो ती बाराही स्वरांवरून वाजवितो. सोबतचे वादक बव्हंशी आपापल्या जागा धरून असतात, त्यामुळे ही भटकंती चांगलीच जाणवते. त्यानंतर सॅक्सोफोन थांबतो, आणि त्याच चार स्वरांवर मानवी आवाज ध्वनिमुद्रिकेच्या नावाचा घोष करू लागतो. इंग्रजी नावातील शब्दावयव नेमके चार आहेत. आरंभापासून बास काय म्हणत होता, हे श्रोत्याला सहा मिनिटांनंतर कळते.

रिवाज येथे उलटा झालेला आहे. आधी उपज झाली, बंदिश मागाहून आली; आणि बंदिशीतही आधी स्वर आले, शब्द शेवटी. बाराही षड्जांवरून आकृती फिरविण्याचा अर्थ, ईश्वर सर्वत्र आहे असे वादक सांगतो आहे, असा पोर्टर यांनी लावला आहे. हा अर्थ मोहक आहे, कृतीच्या भावाशी जुळताही आहे. तरी त्याहून साधे वर्णन पुरेसे वाटते. ज्याचा शब्द अद्याप सापडलेला नाही अशी एक गोष्ट मनुष्य नाना प्रकारे उच्चारून पाहतो, सर्व जागा तपासून झाल्यावरच त्याला शब्द मिळतो, आणि मिळाल्यावर तो शब्द सुरुवातीपासून जवळच होता असे आढळते. या घोषाविषयी एक मतभेदही नोंदविण्यासारखा आहे. काही श्रोत्यांना ‘अ लव्ह’ या उच्चारात ‘अल्ला’ ऐकू येते. कोल्ट्रेनची पहिली पत्नी नईमा इस्लामधर्मीय होती आणि टायनरनेही इस्लामचा स्वीकार केलेला होता, हे पाहता ही श्रुती अगदीच निराधार म्हणता येत नाही. पण छापील शब्द एकच आहेत, आणि कानाने घेतलेले स्वातंत्र्य म्हणूनच तिची नोंद करणे बरे.

दुसरा आणि तिसरा भाग जॅझच्या परिचित पठडीत अधिक बसतात. ‘रिझोल्यूशन’मध्ये आठ मात्राखंडांची ठसठशीत धून आहे आणि टायनरचे पियानोवादन त्यात विशेष खुलले आहे. ‘पर्स्युअन्स’ जोन्सच्या एकट्याच्या ड्रम्सवादनाने सुरू होतो, द्रुत लयीत बारा मात्राखंडांच्या ब्लूजवर धावतो, आणि त्याची धूनही पहिल्या भागातील चार स्वरांच्याच कुळातली आहे. ब्लूज हा कृष्णवर्णीयांचा लौकिक गीतप्रकार. चर्चच्या परंपरेत त्याच्याकडे पुष्कळदा संशयाने पाहिले गेले. प्रार्थनेच्या मध्यभागी तो निःशंकपणे आणून बसविण्यात कोल्ट्रेनला काही विसंगत वाटलेले दिसत नाही. वेग ओसरतो, एकेक वाद्य गप्प होते, आणि गॅरिसनचा बास एकटाच बराच वेळ बोलत राहतो. तो थांबतो तेव्हा ठेका संपलेला असतो. चौथा भाग सुरू होतो.

‘साम’मध्ये ताल नाही. जोन्स टिंपनीवर, म्हणजे पाश्चात्त्य वाद्यवृंदातील नगाऱ्याच्या जातीच्या वाद्यावर, लाटेसारखा नाद उठवितो. पियानो आणि बास एका षड्जाभोवती तरंगत राहतात. वरून एकटा सॅक्सोफोन. मोठी स्वरमाला नाही, द्रुत ताना नाहीत. कोल्ट्रेनच्या ज्या वादनासाठी समीक्षकांनी ‘स्वरांच्या चादरी’ असा शब्दप्रयोग रूढ केला होता, त्याचा येथे मागमूस नाही. पोर्टर यांच्या विश्लेषणानुसार प्रार्थनेच्या प्रत्येक लहान खंडाला कमानीसारखा आकार आहे : एक चढती ओळ, मग एकाच स्वरावर धरलेले पठण, मग एक उतरती ओळ. ईश्वराचे आभार मानणारे छोटे ध्रुपद वारंवार येते, आणि ते बहुधा खाली उतरून षड्जावर टेकते. जसजशी प्रार्थना पुढे जाते, तसतसे पठणाचे स्थान उंचावते, आवाजाला धार येते. मग तो पुन्हा निवतो.

हा आकार कोल्ट्रेनने कोठून घेतला, याचे उत्तर त्याच्या आजोबांच्या व्यवसायात आहे. कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील लोकप्रवचन बोलण्याच्या पट्टीत सुरू होते, हळूहळू त्याला लय येते, वाक्ये श्वासाच्या मापाची होतात, आवाज एका स्वरावर स्थिरावतो, आणि अखेरीस प्रवचन जवळजवळ गायले जाते. श्रोते प्रत्येक वचनाला साद देतात. ब्रूस रोझेनबर्ग यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या अमेरिकन लोकप्रवचनकारांवरील ग्रंथात, मिल्मन पॅरी आणि आल्बर्ट लॉर्ड यांनी होमर व युगोस्लाव्ह वीरगायक यांच्या संदर्भात मांडलेला सूत्रसिद्धान्त या प्रवचनांना लावून पाहिला. तयार वचने, त्यांची पुनरावृत्ती, आणि पुढील वाक्य जुळेपर्यंत मागील वचनाचा आधार, हे मौखिक रचनेचे विशेष तेथे आढळतात. कोल्ट्रेनच्या प्रार्थनेतील आभाराचे ध्रुपद नेमके हेच कार्य करते. ते प्रार्थनेला विसावा देते, आणि सादही तेच असते. सभा हजर नाही. म्हणून प्रवचनकार आणि सभा या दोघांचेही काम एका वाद्याने केले आहे.

या संदर्भात जेम्स वेल्डन जॉन्सन यांच्या १९२७ सालच्या ‘गॉड्स ट्रॉम्बोन्स’ या काव्यसंग्रहाचे स्मरण अपरिहार्य आहे. जुन्या कृष्णवर्णीय प्रवचनकारांची सात प्रवचने जॉन्सन यांनी पद्यरूपात पुन्हा रचली आणि प्रारंभी एक प्रार्थना जोडली. संग्रहाच्या नावाचे समर्थन करताना त्यांनी प्रास्ताविकात म्हटले आहे, की त्या प्रवचनकारांच्या आवाजातील भावनांचा सारा विस्तार व्यक्त करू शकेल असे वाद्य म्हणजे ट्रॉम्बोन. शब्दाच्या कलावंताला प्रवचन कागदावर उतरविताना वाद्याची उपमा घ्यावी लागली. सदतीस वर्षांनी वाद्याच्या कलावंताने उलट दिशेने तोच रस्ता तुडविला, आणि त्याने उपमेवर न थांबता संहिताच वाजविली. दोघांच्या मध्ये कोणता प्रत्यक्ष दुवा होता हे शोधण्याचे कारण नाही. परंपरा एकच होती, हे पुरे आहे.

भारतीय परिभाषेत या चौथ्या भागाचे वर्णन करू जाता प्रथम आठवते ती गायकी अंगाची संज्ञा. सतार, सनई, व्हायोलिन या वाद्यांवर ख्यालाची बंदिश गळ्याच्या चालीने वाजविली जाते आणि जाणकार श्रोता मनातल्या मनात शब्द पुरवितो. साम्य आहे, पण ते वरवरचे आहे. ख्यालात शब्द हे स्वराचे निमित्त असते. एका आकारावर दीर्घ विस्तार होतो, आणि बंदिशीतील एखादे अक्षर हरवले तरी कोणी हरकत घेत नाही. कोल्ट्रेनच्या वादनात शब्दावयव आणि स्वर यांची संख्या जुळते. येथे स्वर हे शब्दाचे निमित्त आहे.

म्हणून अधिक उपयुक्त ठरतो तो नाट्यशास्त्रातील पाठ्य आणि गीत यांमधील भेद. पाठ्य ऋग्वेदापासून आणि गीत सामवेदापासून घेतले गेले असे भरताने म्हटले आहे. आणि पाठ्याचे गुण सांगताना स्वर, स्थान, वर्ण, काकु, अलंकार व अंग यांचा त्याने सविस्तर विचार केला आहे. पाठ्यालाही स्वर असतात, परंतु ते गाणे नव्हे, ही जाणीव त्यामागे आहे. या दृष्टीने ‘साम’ हे आपल्या नावाच्या मराठी कानाला होणाऱ्या सूचनेच्या विरुद्ध, गीत नसून पाठ्य आहे. त्यातील वादनाचे सारे सौंदर्य काकूत आहे. आभाराचे तेच वचन प्रत्येक वेळी निराळ्या काकूने येते : कधी थकून, कधी विनवून, कधी आश्चर्याने. छापील पृष्ठावर ती सर्व वचने एकसारखी दिसतात.

कोल्ट्रेनचे भारतीय संगीताविषयीचे कुतूहल सर्वश्रुत आहे. ‘इंडिया’ नावाची त्याची रचना १९६१ सालच्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या क्लबात ध्वनिमुद्रित झाली. रविशंकरांशी त्याचा परिचय होता, आणि ऑगस्ट १९६५ मध्ये जन्मलेल्या मुलाचे नाव त्याने रवी ठेवले. त्याच वर्षी त्याने ‘ओम्’ या नावाची एक रचना ध्वनिमुद्रित केली. त्याची दुसरी पत्नी अ‍ॅलिस कोल्ट्रेन ही पुढे स्वामी सच्चिदानंदांच्या प्रभावाखाली आली, तुरीयसंगीतानंदा हे नाव तिने धारण केले आणि कॅलिफोर्नियात आश्रम स्थापन केला. या साऱ्या घटना खऱ्या आहेत, आणि त्यांच्या बळावर ‘अ लव्ह सुप्रीम’ ही भारतीय भक्तीची अमेरिकन शाखा ठरविण्याची घाई भारतीय लेखनात सहज होऊ शकते. ती टाळली पाहिजे. वर उल्लेखिलेल्या घटनांपैकी कित्येक या ध्वनिमुद्रिकेनंतरच्या आहेत. प्रार्थनेची भाषा बायबलच्या इंग्रजी अनुवादाने आणि चर्चमधील वाणीने घडलेली आहे, आणि तिचा पाठ करण्याची रीत हाय पॉइंटच्या चर्चची आहे. एवढे खरे, की तिच्यात ख्रिस्ताचे नाव नाही, कोणत्याही पंथाची खूण नाही; इतर धर्मांच्या माणसाला ती आपली वाटावी याला त्या अभावाने वाव दिला. परंतु वाव असणे आणि ऋण असणे या भिन्न गोष्टी आहेत. तुलनात्मक अभ्यासात साम्य दिसताच प्रभाव गृहीत धरण्याची सवय जुनी आहे, आणि प्रभाव आपल्याकडून तिकडे गेला असेल तर ती सवय विशेष प्रिय होते. ‘अ लव्ह सुप्रीम’च्या बाबतीत हे गृहीत धरल्याने नुकसान कोल्ट्रेनचे होते. ज्या समाजाला आपल्या पूर्वजांच्या भाषा गमवाव्या लागल्या, त्याने परक्या भाषेत स्वतःची पाठपद्धती निर्माण केली, हा या कृतीमागचा इतिहास त्यामुळे झाकला जातो.

आता प्रार्थनेच्या काव्यगुणाविषयी. कागदावर वाचली असता ती सामान्य वाटते, हे मान्य करावयास हवे. भाववाचक नामे पुष्कळ, प्रतिमा अल्प, पुनरुक्ती अतोनात. एखाद्या काव्यसंग्रहाच्या परीक्षणात तिची चार ओळींतच बोळवण झाली असती. परंतु असा निर्णय देताना आपण कशाचे मूल्यमापन करीत आहोत, हे भारतीय साहित्याच्या अभ्यासकाने तरी विसरता कामा नये. गुरु ग्रंथसाहेबाची मांडणी रागांनुसार आहे, जयदेवाच्या ‘गीतगोविंदा’तील प्रबंधांवर राग आणि ताल यांचे निर्देश आढळतात, तरीही विद्यापीठीय पाठ्यपुस्तकांत ही पदे स्वरांवाचून, निर्देश गाळून छापली जातात, आणि मग त्यांतील पुनरुक्तीचा दोष दाखविला जातो. पुनरुक्ती हा पानावरचा दोष आहे. पाठात ती जागा असते, आणि त्या जागेत सादर करणारा काय करतो यावर सारे अवलंबून असते. कोल्ट्रेनच्या प्रार्थनेच्या बाबतीत मूळ सादरीकरण ध्वनिमुद्रित स्वरूपात आणि संहिता छापील स्वरूपात, एकाच कर्त्याच्या हातून, एकाच वेष्टनात उपलब्ध आहे. मध्ययुगीन पदांच्या अभ्यासकाला असे भाग्य लाभत नाही. संहिता आणि पाठ यांमधले अंतर किती असू शकते, याचे प्रत्यक्ष मोजमाप येथे करता येते.

या वादनातून पुढे काव्यही निर्माण झाले. मायकेल हार्पर यांचा ‘डिअर जॉन, डिअर कोल्ट्रेन’ हा संग्रह १९७० साली प्रसिद्ध झाला; सोनिया सँचेझ आणि अमिरी बराका यांनीही कोल्ट्रेनवर कविता लिहिल्या; आणि कृष्णवर्णीय अमेरिकन काव्यात कोल्ट्रेन-कविता हा एक स्वतंत्र उपप्रकारच मानला जाऊ लागला. सॅक्सोफोनची किंकाळी कागदावर कशी लिहावी, हा त्या कवींपुढचा प्रश्न होता : अक्षरे ताणून, ओळी तोडून, मुद्रणाच्या साऱ्या युक्त्या वापरून त्यांनी तो सोडवू पाहिला. प्रवचनातून वाद्यात गेलेली वाणी अशा प्रकारे पुन्हा शब्दांत परतली. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये तर कोल्ट्रेनला संत मानणारे एक चर्च उभे राहिले. १९८२ साली ते आफ्रिकन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये सामील झाले, आणि तेथील उपासनेत याच कृतीचा उपयोग होऊ लागला.

कृतीचा हस्तलिखित आराखडा वॉशिंग्टन येथील स्मिथ्सोनियन संस्थेच्या अमेरिकन इतिहासविषयक संग्रहालयात जतन केलेला आहे. त्यात चौघांखेरीज आणखी वादकांची योजना दिसते, जी प्रत्यक्षात आली नाही. आणि शेवटच्या स्वरसंघाताविषयी एक टिपण आहे : तो ‘अलाबामा’च्या शेवटच्या स्वरसंघातासारखा वाजावा. ‘अलाबामा’ ही कोल्ट्रेनची नोव्हेंबर १९६३ मधील रचना. त्याच वर्षी १५ सप्टेंबर रोजी बर्मिंगहॅम शहरातील कृष्णवर्णीयांच्या एका चर्चमध्ये वंशद्वेष्ट्यांनी बाँबस्फोट घडवून चार मुलींचा बळी घेतला होता. त्या घटनेशी ही रचना जोडली जाते. आभाराच्या प्रार्थनेची अखेर करताना त्या शोकरचनेचा स्वर कोल्ट्रेनच्या मनात होता, हे या एका ओळीवरून कळते. ध्वनिमुद्रिकेवरील पत्रात किंवा प्रार्थनेत याचा कोठेही उल्लेख नाही. सहज मिळालेल्या सुखाबद्दलचे हे आभार नव्हेत, एवढे मात्र त्या टिपणानंतर चौथा भाग ऐकताना जाणवत राहते.

कोल्ट्रेन १७ जुलै १९६७ रोजी यकृताच्या कर्करोगाने वारला; वय चाळीस. चार दिवसांनी न्यूयॉर्कच्या सेंट पीटर्स लुथरन चर्चमध्ये अंत्यविधी झाला. आल्बर्ट आयलर आणि ऑर्नेट कोलमन यांच्या वृंदांनी वादन केले. ‘अ लव्ह सुप्रीम’मधील काही वाजविले गेले नाही, त्या वेष्टनावरची प्रार्थना कोल्ट्रेनचा जुना मित्र आणि तुतारीवादक कॅल मॅसी याने उपस्थितांसमोर मोठ्याने वाचली.